पोटातला श्वास

भोकरदनच्या हॉलमधी गाता गाता माझा आवाज फाटला. वरच्या सुरावर गेल्ते आणि घशातून नुसती हवा आली. पुन्हा जोर लावला. पुन्हा हवा.

माझे गाण्याचे सर पेटीवरून उठले. माझ्या हातातून माईक घेतला. मला वाटलं, सांभाळून घेतेत. ते माईकमधी म्हणले, "माफ करा मंडळी. या लोकांच्या घशात ताकद फार असते, साधना नसते."

हॉल हसला.

स्टेजवर मी एकटीच उभी होते. लोक कुठले? सर कोणाबद्दल बोलले ते मला कळलं. सगळ्या हॉललाच कळलं. शेवटच्या रांगेत अण्णा बसले होते, माझे वडील. ते खाली बघत राह्यले.

सरांकडं मला अण्णांनीच नेल्तं. आम्ही बौद्ध. अण्णा जयंतीला भीमगीतं गायचे. चाळिशीतच त्यांचा आवाज बसला. आमच्या वस्तीत गाणाऱ्या सगळ्यांचाच बसतो. आम्हाला वाटायचं, असंच असतं. तरी पोरीचं तसं व्हायला नको म्हणून ते मला क्लासवर घेऊन गेले. म्हणले, "हिला बराबर शिकवा, सर." सरांनी एक ओळ म्हणायला लावली. माझ्या पाठीवर हात ठेवला. "हिला काय शिकवायचं? हा आवाज जन्मजात आहे." अण्णा एसटीत घरापर्यंत हसत आल्ते.

सकाळच्या क्लासला जागा न्हाई म्हणून सरांनी मला संध्याकाळी बोलवलं. सकाळची पोरं आतल्या खोलीत बसायची, सतरंजीवर, तंबोऱ्याजवळ. मी बाहेर, चपला काढायच्या जागेशेजारी. सर पेटी धरायचे. "मोठ्यानं. अजून मोठ्यानं. लाजू नको." घसा दुखला तर म्हणायचे, "दुखू दे. पक्का होतो." मी दुखू द्यायचे. गुरुपौर्णिमेला त्यांच्या पाया पडायचे. जयंतीच्या दिवसांत सर ऑर्केस्ट्रा घेऊन गावोगाव फिरायचे, आमच्याच वस्त्यांमधी, आणि मला पुढं उभी करायचे. टाळ्या पडायच्या. मला वाटायचं, सरांनी आपल्याला घडवलं.

हॉलमधल्या त्या कार्यक्रमानंतर आवाज आलाच न्हाई. संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टरनं घशात नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठी आल्त्या. ऑपरेशनचं नंतर बघू म्हणले, आधी बोलणं बिलकुल बंद. घरात मी मुकी होऊन राह्यले. मला ऐकू येत होतं, तरी आईबी माझ्याशी खुणेनंच बोलायची.

मंग दवाखान्यातल्या, आवाजाचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला आडवं झोपवलं. माझाच हात माझ्या पोटावर ठेवला. "श्वास घेताना हा हात वर आला पाहिजे. खांदे उचलू नको. आता श्वास सोडता सोडता हळू आ म्हण."

मी आ म्हणलं. बारीक निघाला, पण निघाला. न दुखता. मला रडू आलं.

त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं गातेस, हे सरांनी सांगितलं नाही?"

मी सरांची बाजू घेतली. "त्यांनाबी माहीत नसंल."

सोनाली माझ्या कॉलेजात होती. सरांच्या सकाळच्या क्लासची. पाटलाची पोरगी, पण मनानं साधी. मी मोठ्या कौतुकानं तिला पोटातला श्वास करून दाखवला. ती हसली. "हे तर सर पहिल्याच दिवशी शिकवतेत. आधी श्वास, मंग खालचे सूर, मंग गाणं. रोज. तुला न्हाई शिकवलं?"

न्हाई. मला न्हाई शिकवलं.

त्याच दिवशी मी क्लासवर गेले. उभ्या उभ्याच विचारलं, "सर, तुम्ही मला श्वास का न्हाई शिकवला?"

ते रागावले न्हाईत. तेच जास्त लागलं. "बाळा, तुमच्या गाण्याला जोर लागतो. त्यात शास्त्र घातलं की तो जोर जातो. मग तुमचे लोक ऐकतील का?"

"मंग तुम्ही मला शिकवलं काय?"

"मी तुला स्टेज दिलं."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. घसा असा फाटतो, हे माहीत होतं. माझा घसा फाडून ते जयंत्या गाजवून राह्यले होते. शिवी दिली असती तर मी तेव्हाच सावध झाले असते. त्यांनी पाठीवर हात ठेवला होता.

पाया न पडता निघाले.

गाठी हळूहळू विरल्या. ऑपरेशन टळलं. रोज सकाळी पोटावर हात ठेवून एकच सूर धरायचे. पुढं जालन्याला एका स्पर्धेत नाव दिलं. निवेदकानं माईकवर विचारलं, "आपले गुरू कोण?" सर पहिल्या रांगेत बसले होते, परीक्षकांच्या शेजारी. आधीच हात जोडून हसून राह्यले होते.

मी म्हणलं, "माझे गुरू कोणी न्हाईत. हे पुढं बसलेले सर मला ओरडायला लावायचे. गायला मला दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं."

मी अण्णांचं जुनं गाणं गायले. ओरडले न्हाई. शेवटच्या ओळीपर्यंत श्वास पुरला.

नंबर आला न्हाई. बाहेर सर आडवे आले. "कृतघ्न आहेस तू."

"काय दिलं होतं ते सांगा," मी म्हणलं. ते गाडीत बसून निघून गेले.

अण्णांचा घसा मी बाईंना दाखवला. आता उशीर झालाय म्हणल्या. तो आवाज परत येणार न्हाई.

विहारात मी आता वस्तीतल्या पोरापोरींना शिकवते. जे मला येतं ते सगळं शिकवते, काहीबी मागं ठेवत न्हाई. सरांचा निरोप आल्ता, झालं गेलं विसरून जा म्हणून. मी विसरणार न्हाई. माफबी करणार न्हाई. आणि जयंतीला आमच्या वस्तीत त्यांच्या ऑर्केस्ट्राला मी पाय ठेवू देणार न्हाई.