आमच्या पाळीच्या दिवशी वाजलेली मोट

भूत, चकवा, अंगात येणं — यातल्या कशावरही माझा कधी विश्वास बसला नाही. शहापूरच्या शाळेत मुलांना सायन्स शिकवणारा मी... असलं कुणी सांगू लागलं की चेष्टा करून त्याला गप्प बसवायचो. तरीही हे लिहितोय, कारण जे ऐकलं ते माझ्याच कानांनी ऐकलं.

निपाणीपासून कोसभर आत आमचं गाव. वडील, म्हणजे आप्पा, सहा वर्षं जवळजवळ बहिरे होते. कानाशी ओरडलं तर कुठे एखादा शब्द कळायचा. लढाईच्या काळात बेळगावच्या कॅम्पातला एक साहेब सामान विकून गेला, त्यात कानाचं मशीन मिळालं — आवाज पकडणारी, खिशात ठेवायची डबी, कमरेला बॅटरी आणि कानात घालायचं बटण. पौषात रजा काढून मी ते घरी नेलं.

आप्पा बांधावर बसले आणि मी मशीन चालू केलं. शाळूची पानं वाऱ्यावर सळसळत होती, कणसांवर पोपटांचा कालवा चालला होता. आप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आरं, शाळू किती बोलतोय रं! मला वाटलं, आता सगळं गपच झालं."

मलाही भरून आलं. पुढचे तीन दिवस ते घरात टिकलेच नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी मात्र त्यांचा चेहरा एकदम ताठला.

"आज बुधवार न्हवं? पाळी आपली. मग भरमा मोट कसा हाकतोय?"

भरमाकाका हे आप्पांचे धाकटे भाऊ. विहीर दोघांत सामाईक, पाणी ठरलेल्या वारी ज्याचं त्यानं ओढायचं. बांधावरून भांडण झालं आणि नऊ वर्षं बोलणं बंद. आमच्या घरात काकांचं नाव काढायचीही चोरी होती. पाण्याची पाळी मात्र दोघांपैकी कुणी कधी मोडली नव्हती.

आमचा गडी बाजाराला गेल्याने आमची मोट त्या दिवशी बंद होती. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मशीन बिघडलं असेल म्हणून मी बटण स्वतःच्या कानात घातलं...

चाकाची करकर. पाणी पडल्याचा आवाज. आणि काकांचं मोटेवरचं गाणं — मध्येच हाक, "हौशा... चिंग्या... फिरा मागं!"

बटण काढलं की सगळं शांत. हौशा-चिंग्या ही जोडी दोन्ही भाऊ एकत्र असतानाची. मी शाळेत जायच्या आधीच ते बैल मेले होते.

आप्पांनी माझ्या हातातून मशीन ओढून घेतलं, कानात घातलं आणि तरातरा निघाले. विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. मोट ओढायचा नाडा नाही, मोट नाही, पाणी पडायचं थारोळं कोरडं ठणठणीत. आप्पा थांबले नाहीत. मळ्यातच काकांची वस्ती होती, तिथे जाऊन दारातूनच ओरडले, "भरमा, भायेर ये! पानी चोरतोस व्हय रं?"

काकी बाहेर आली. आप्पांना बघून तिने पदर तोंडाला लावला.

"कुठनं येत्यात भाऊजी... आठ दिस झालं, एक अंग गेलंय. जीभ बी हलंना."

"आम्हाला का नाही कळवलं?" मी विचारलं.

"तुमच्याकडं जायाचं न्हाय अशी आण घातलती त्येंनी. आता मातुर डोळं सारखं दाराकडंच."

आप्पा आत गेले, अंथरुणाशी बसले. काकांचे ओठ थरथरले. आप्पांनी खिशातली डबी काढून भावाच्या तोंडाशी धरली. मला नुसता घशातला घरघर आवाज येत होता. आप्पा मात्र मान डोलवत होते — "व्हय... व्हय रं... माझंबी चुकलं."

दिवस बुडायच्या आत काकीने ताट वाढलं. नऊ वर्षांनी आप्पा त्या घरात जेवले. काका पाच दिवसांनी गेले, तोवर आप्पा तिथून हलले नाहीत.

मशीनने दुसऱ्या कुठल्या विहिरीचा आवाज पकडला असेल? रेडिओ? पण मेलेल्या बैलांची नावं कुठल्या रेडिओवर लागतात? पुढे एकदा मी आप्पांना म्हणालो, "काही का असेना, तुमची भेट तर झाली."

आप्पांनी कानातलं बटण काढलं. मग म्हणाले, "भेटाय न्हवतो गेलो रं मी... भांडाय गेलतो."