वर आल्याचा मिसकॉल

आमच्या घरातला नियम साधा. हे खाणीतून वर आले की एक मिसकॉल द्यायचा आणि मी तो उचलायचा नाही. चंद्रपूरकडे कोळशाच्या भुयारी खाणीत हे पंपावर आहेत, खाली फोन न्यायला बंदी. लेकीच्या कॉलेजपायी मी कोथरूडला येऊन राहिले, बोलणं फुकट झालं, तरी मिसकॉल सुटला नाही. दोनदा वाजून थांबला की माणूस वर आला. क्वार्टरमधल्या शेजारणीचा फोन मात्र एकदा वाजतच राहिला होता. तिचा नवरा खाली पाण्यात अडकला, तो परत आलाच नाही.

पुण्यात लोक विचारतात, "खाणीत पाणी कुठून येतं हो? पाऊस शिरतो का?" अहो, पाणी जमिनीच्या पोटातच असतं! कोळसा काढला की ते छतातून, भिंतींतून बारा महिने झिरपतं. पंप थांबले की खाण भरायला लागते. आणि पलीकडे जुनी, बंद पडलेली खाण तुंबलेली असेल, तर मधल्या कोळशाच्या भिंतीवर सगळ्यांचा जीव.

"त्या भिंतीतून पाणी वाढलं, अन् गढूळ येऊन राहिलं," हे एका संध्याकाळी फोनवर म्हणाले. वर "तू जेवली का?" गढूळ म्हणजे भिंत आतून झिजतेय, आणि यांना जेवणाचं पडलेलं!

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायची वेळ टळली तेव्हा मी मंडईत होते. फोन गप्प. हातात तेच एक वांगं कितीतरी वेळ.

"बघायचे पैसे नाहीत, पण ते वांगं आता दमलंय," भाजीवाली म्हणाली.

"ठेवा तुमची वांगी तुमच्यापाशी!" मी खेकसले, आणि तेवढ्यात फोन वाजला. यांचाच नंबर. दोनदा. तीनदा. चारदा. थांबेचना. यांच्या फोनवरून कोणी दुसराच बोलणार, हे मनानं पक्कं धरलं. माझा हात उठेना. वाजून वाजून बंद पडला, लगेच पुन्हा सुरू झाला.

"अहो, उचला की!" भाजीवालीने माझा चेहरा पाहिला, फोन घेतला, बटण दाबलं आणि माझ्या कानाला लावला.

"काहून उचलला नाही वं फोन?" हेच होते. "खालचा पंप बुडाला. सगळे चालत वर आलो. म्हटलं, आज तुझा आवाज ऐकू."

मी तिथंच पोत्यावर बसले आणि भर बाजारात रडले. अहो, आवाज ऐकायचा तर आधी मिसकॉल द्यायचा ना!

"उद्या सुट्टी?" मी विचारलं.

"सुट्टी कायची? बुडालेला पंप काढाले मलेच उतरा लागन."

भाजीवाली न विचारता वांगी पिशवीत भरत होती. मी नाक पुसलं.

"मग वर आल्यावर मिसकॉलच द्या," मी म्हटलं. "मला तुमचा आवाज नको."