उरलेला टॅग

त्या दिवशीची माझ्या डायरीतली नोंद : रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी मुंबई बंदरात दमट हवा, समुद्र शांत. संध्याकाळी पुण्यात गार वारा. कपाटातून स्वेटर काढला.

हातातला चहा आधी संपवा. नाही, खरंच संपवा. मागे हा किस्सा सांगताना शेजारच्या काकांना असा ठसका लागला की पाठ चोळायला मलाच उठावं लागलं. माझीच फजिती, आणि पाठही मीच चोळायची!

तर मोठ्या जहाजावर सहलीला जाणाऱ्यांसाठी माझ्याकडे भरपूर सल्ले आहेत. केबिन मधल्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या, तिथे कमी हलतं. किनारा सुटायच्या आत मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर लाटांनी नाही, बिलाने मळमळेल. इस्त्री आणि चहाची किटली नेऊ नका, दारातच काढून घेतात. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेटची कवायत असते, ती चुकवू नका. औषधं कायम हातातल्या पिशवीत ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचं: शेवटच्या रात्री मोठ्या बॅगांना जहाजवाल्यांनी दिलेले टॅग लावून त्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. ते लोक उचलतात आणि सकाळी बंदरावरच्या हॉलमध्ये देतात. तेव्हा उतरताना लागणाऱ्या वस्तू आधी बाजूला काढा!

हा शेवटचा सल्ला मी आमच्या सहलीच्या ग्रुपवर रोज टाकत होतो. ठळक अक्षरांत. खाली नावासकट.

मी खराडीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. वस्तू दिसली की तिला चिठ्ठी लावायची, हा आता हाताचा धर्म झालाय. घरात डब्यांना चिठ्ठ्या, किल्ल्यांना चिठ्ठ्या. आमची सुनंदा म्हणते, "एक दिवस झोपेत मलाही लावाल."

आम्ही तिघं गेलो होतो. मी, सुनंदा आणि माझी थोरली बहीण, आक्का. मुंबईहून निघून गोवा, लक्षद्वीप आणि परत. सहल खरं तर आक्कासाठीच होती.

आक्का म्हणजे निवृत्त सिस्टर. सगळा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात गेला. वडील लवकर गेले, तेव्हा मला तिनेच शिकवलं. माझ्या आयुष्यातले पहिले बूटही तिनेच घेतले. शाळेत अनवाणी जातो म्हणून मुलं हसायची, ते तिला कुठून तरी कळलं होतं. मध्यंतरी ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डावा पाय दोन बोटं आखूड झाला. तेव्हापासून डाव्या पायाला जाड टाचेचा खास बूट. त्याच्याशिवाय ती झोकांडी खाते. पुन्हा पडली तर अवघड आहे, हे डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलेलं. तिलाही ठाऊक होतं. ती स्वतः अनेक नातेवाइकांना बाजूला घेऊन बोललेली आहे.

त्या बुटात ती नव्याने चालायला शिकली. सहलीला यायची तिची अट एकच होती.

"अशोक, मी जहाजावर चालत चढणार आणि चालत उतरणार. खुर्ची नको. कुणी हात द्यायचा नाही."

"नाही देणार," मी म्हणालो.

आणि ती चढली! जहाजाला लावलेल्या त्या लांबलचक चढत्या पुलावर मागे न बघता. मी मागून श्वास धरून.

केबिन छोटी, पण नेटकी. आक्काने आरशापुढे बुद्धांची छोटी तसबीर ठेवली. सकाळी उठून ती वंदना म्हणायची. आता मला सांगा, जिथे वंदना होते तिथे चपला-बूट आत कसे चालतील? घरी जे, ते इथे. पादत्राणं दाराबाहेर!

फिरून आलो की बाहेर काढायची, ओळीने लावायची. आणि थोड्या वेळाने बघावं तर सगळी आत, दाराजवळ, आमच्याहूनही सरळ ओळीत.

हे काम आमच्या केबिनची व्यवस्था बघणाऱ्या जोएलचं. फिलिपिन्सचा माणूस, कानशिलांवरचे केस पिकलेले, कायम हसरा. त्याने मला मोडक्या हिंदीत समजावलं, "सर, रास्ता खाली चाहिये. आग लगा, सब भागेगा, जूता में गिरेगा."

मुद्दा बरोबर होता. पण बरोबर मुद्दा ऐकून पुणेकर कधी गप्प बसलाय का?

मी बूट बाहेर ठेवायचो, तो आत. मी बाहेर, तो आत. एकदा जेवून आलो तर पलंगावर टॉवेलचा हत्ती! जहाजावर ही पद्धतच असते, टॉवेलच्या घड्या घालून प्राणी करतात. पण आमच्या हत्तीने माझ्या चपला घातल्या होत्या. पलंगावर!

सुनंदा हसून हसून खाली बसली. मी मात्र कागद घेतला आणि दाराला पाटी लावली : 'पादत्राणे बाहेरच राहतील. आत ठेवण्याचे कष्ट घेऊ नयेत.'

"अहो, त्याला मराठी येतं का?" सुनंदा म्हणाली.

"मग काय करू?"

"चित्र काढ," आक्का वंदनेचं पुस्तक मिटत म्हणाली. "तुझी चित्रकला बघून तरी बिचारा माघार घेईल."

मी बूट काढला, बाण काढला, दार काढलं. आणि जोएलच्या मुद्द्याचा मान राखून मधला मार्गही काढला : सगळी पादत्राणं एका कापडी पिशवीत घालून पिशवी दाराच्या मुठीला अडकवायची. रस्ता मोकळा, केबिन स्वच्छ. जोएलने चित्राकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, दोन्ही हात जोडले आणि नाद सोडला.

मी जिंकलो होतो. आता इथून पुढे नीट ऐका.

शेवटचा दिवस. जहाजवाल्यांनी चार टॅग दिले. बॅगा तीन. मी तिन्हींवर केबिनचा नंबर आणि नाव सुवाच्य अक्षरांत लिहिलं, टॅग बांधले, बॅगा बाहेर लावल्या. समोरच्या केबिनमधल्या शेवंताबाईंना माझाच सल्ला पुन्हा ऐकवला. या लोणी काळभोरच्या. सोलापूर रस्त्यावर त्यांची रोपांची नर्सरी आहे.

"भाऊ, तुमी हाय म्हनून आमचं नीट चाललंय बगा," त्या म्हणाल्या.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

जेवून आलो. बूट, चपला, सँडल पिशवीत घातले, पिशवी मुठीला अडकवली. आणि खिशात हात घातला तर चौथा टॅग.

कोरा. दोरीसकट. उत्तम जाड पुठ्ठ्याचा.

आता सांगा, वाया घालवायचा का? आणि आक्काचे इतके मोलाचे बूट त्या पिशवीत, बिननावाचे? स्टोअरकीपरच्या दारात? मी टॅगवर नंबर लिहिला, नाव लिहिलं, पिशवीला बांधला. दोनदा ओढून गाठ तपासली आणि शांतपणे झोपलो.

सकाळी आक्काची वंदना झाली. पाटावर बसावं तशी ती पलंगाच्या कडेला बसली, साडी नीट केली आणि म्हणाली, "अशोक, बूट दे."

मी दार उघडलं. मूठ होती, पिशवी नव्हती.

बोळात डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. समोरच्या दाराशी शेवंताबाईंच्या चपला तिरक्या-पालथ्या पडल्या होत्या, पण होत्या. पलीकडच्या गुजराती कुटुंबाचा एक बूट इकडे, एक तिकडे, पण होते. ज्यांनी कशालाच काही बांधलं नव्हतं, त्यांचं सगळं जागच्या जागी!

मी तसाच अनवाणी रिसेप्शनला धावलो. काउंटरवरची मुलगी नागपूरची निघाली. मराठी ऐकून मला धीर आला. तो फार टिकला नाही.

"पिशवीला टॅग होता का सर?"

"होता तर! मी स्वतः लावला." बघा, तेव्हाही आवाजात अभिमान!

"मग काळजी नको सर. टॅग असलेलं आमच्याकडे काहीच हरवत नाही. ती खाली हॉलमध्ये पोहोचली पण असेल. तुम्ही उतरलात की मिळेल ना."

"अहो, पण उतरायलाच ते बूट पाहिजेत!"

"मॅडमसाठी व्हीलचेअर पाठवते ना सर. लगेच."

किती सौजन्याने म्हणाली! मी जिन्याकडे वळलो. वरच्या मजल्यावर जाईपर्यंत मला एकच दिसत होतं : शाळेच्या दारात नवे बूट घालून उभा मी, आणि समोर गुडघ्यावर बसून नाडी बांधणारी आक्का. तिने मला बूट दिले आणि मी तिचे चिठ्ठी लावून घालवले.

आक्काला सगळं सांगितलं. टॅगसकट. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"दुसरी जोडी?"

"बॅगेत. बॅग खाली."

"हं." ती हातांकडे बघत राहिली. "आयुष्यभर त्या खुर्च्या मी ढकलल्या रे. बसायची वेळ येऊ नये, एवढंच वाटायचं."

सुनंदाने तोंड फिरवलं. मी तर भिंतीत जाऊ का जमिनीत, असा उभा.

एवढ्यात उघड्या दारातून शेवंताबाईंनी मान आत घातली. "काय झालं वं? मयत झाल्यावानी का बसलाय?"

सुनंदाने थोडक्यात सांगितलं.

"आन् मंग? दोन बोटंच उंची पायजे ना? सपाता हायेत की ह्या!" त्यांनी केबिनमध्ये मिळतात त्या पांढऱ्या स्लिपर पायातून काढून उंच धरल्या. "एकावर एक शिवायच्या. गोधडी नाय का शिवत आपन? सुई-दोरा माझ्या पाकिटात कायम आसतो."

जोएल बोळातून चालला होता. त्याला काय कळलं कोण जाणे, पण आक्काच्या पायांकडे, रिकाम्या मुठीकडे आणि माझ्या चित्राकडे बघून त्याला सगळंच कळलं. पळत गेला आणि त्याच्या सामानाच्या ढकलगाडीत उरल्यासुरल्या होत्या तेवढ्या स्लिपर घेऊन आला. हसला नाही हो! एकदासुद्धा हसला नाही. मी त्याच्या जागी असतो तर हत्तीसकट हसलो असतो.

शेवंताबाई जमिनीवर फतकल मारून शिवायला बसल्या. सुई जाड तळव्यांतून जाईना, तेव्हा जोएल आतून रेटायचा, त्या बाहेरून ओढायच्या. एकाला मराठी येत नाही, दुसरीला हिंदी येत नाही, आणि काम चाललंय झकास! उंची कमी पडली. केबिनमधल्या माझ्या वाट्याच्या स्लिपरही मी दिल्या. आणखी एक थर चढला.

"आता बोटं लाव," आक्का म्हणाली.

मी दोन बोटं लावली. बरोबर.

पण पाय आत हलत होता. आक्काने हातातली पिशवी उघडली. औषधांशेजारी क्रेप बँडेज होतं. (औषधं हातातल्या पिशवीत, हा सल्ला कुणाचा? असू दे.) घोट्याभोवती, तळव्याखालून, पुन्हा घोट्याभोवती, असं तिने इतक्या सफाईने बांधलं की शेवंताबाई बघतच राहिल्या.

"सिस्टर, मला शिकवा की हे."

"तुम्ही मला ती शिलाई शिकवा."

आक्का उभी राहिली. बोळाच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. झोकांडी नाही. सुनंदा टाळ्या वाजवायला लागली. गुजराती कुटुंबही वाजवायला लागलं. कशासाठी, ते विचारायचं त्यांना नंतर सुचलं. नागपूरच्या मुलीने पाठवलेली खुर्ची दारात आली, तिच्यावर आक्काने आपली पर्स ठेवली. "हिला न्या खाली," म्हणाली.

मला मात्र पायात घालायला काही उरलं नव्हतं. सुनंदाकडे स्लिपर, आक्काकडे मजले चढवलेल्या स्लिपर, मी अनवाणी. त्या लोखंडी पुलावर ऊन पडलं होतं. पाय असे काही पोळत होते की मी नाचतच चाललो होतो. रांगेतल्या एका गृहस्थांनी भक्तिभावाने विचारलं, "अनवाणी? नवस आहे का?"

पुढून, मागे न वळता, आक्काने उत्तर दिलं, "हो. गप्प बसायचा."

शेवंताबाई त्या लोखंडावर खो-खो हसल्या. मी नवस पाळला.

मी त्या दिवशी कुणाकुणाचे आभार मानले, ते सांगायला बसलो तर तुमचा दुसरा चहा निवेल. जोएलचा हात मी दोन्ही हातांत धरला होता, पण बोलायला शब्द आले नाहीत. सगळे सल्ल्यांत संपले होते. आक्काचे आभार मानायला गेलो तर म्हणाली, "पुढे बघ, पायरी आहे."

हॉलमध्ये बॅगा मजल्यांप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. आमच्या रांगेत सर्वांत पुढे कापडी पिशवी. गाठ जशीच्या तशी. आक्का बाकावर बसली, बँडेज सोडलं, बूट घातले. शिवलेल्या स्लिपर तिने पिशवीत ठेवल्या. पिशवीचा टॅग सोडवून हातात धरला, वाचला, आणि जवळ बोलावून माझ्या शर्टाच्या मागे काहीतरी झटकलं.

"धूळ होती," म्हणाली.

पुण्याला घरी पोहोचलो. स्वेटर घालायला शर्ट नीट करत होतो, तेव्हा कॉलरला दोरी लागली.

आक्का चालत चढली, चालत उतरली, कुणी हात दिला नाही. तीन बॅगा आणि मी, सगळे टॅगसकट घरी आलो. हरवलं काही नाही.