भात वाढला

माझे वडील गंगाराम रत्नागिरीत कोर्टाजवळच्या यमुनाबाईंच्या खानावळीत वाढपी होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या पानात वाढलं आणि जन्मभर ते घाबरत राहिले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. भित्र्या माणसांचा मला पहिल्यापासून राग. पण आबांच्या भीतीचं कारण मीच होते, म्हणून सांगते.

खानावळीत येणारा एकेक म्हणजे नग. तारखेला आलेले पक्षकार पुकारा व्हायच्या आत गरम भात मागायचे, आणि तोंड पोळलं की आबांवरच डाफरायचे. बोट लागून उतरलेला एखादा मुंबईकर म्हणायचा, मासे वाढ, पण वास येता कामा नये. भर आषाढात, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असताना, ताजा पापलेट हवा म्हणून हटून बसणारेही होते. खटला हरलेल्याला आमटी खारट लागायची आणि जिंकलेल्याला अळणी. आबा सगळ्यांना होय होय करायचे. यमुनाबाई म्हणत, गंगारामच्या तोंडात 'नाही' हा शब्द घालायला देव विसरूनच गेला.

एक शब्द मात्र त्यांनी स्वतःहून टाकला होता. 'संपला.' तसं आपल्याकडे काहीच संपत नाही म्हणा. दिवा मालवला की 'वाढवला', बांगडी फुटली की 'वाढवली', दुकान बंद केलं तरी 'वाढवलं', आणि टोपातला भात संपला की 'भात वाढला'. सगळेच असं म्हणतात, पण घाईगर्दीत विसरतातही. आबाही एकदा विसरले. पंगत बसलेली, कुणीतरी भात मागितला आणि ते बोलून गेले की भात संपला. मागे वळले तर दारात महिपत. देवरूखजवळच्या आमच्या गावचा हा माणूस कोर्टाच्या तारखेला आला होता आणि येताना निरोप घेऊन आला होता. आबांचा पहिला मुलगा, माझा थोरला भाऊ, तापात गेला होता. त्याला अजून रांगताही येत नव्हतं.

शब्दाने पोर जात नाही हे मला कळतं. आबांना कोण समजावणार? त्या दिवसापासून तो शब्द त्यांनी तोंडाला लावला नाही. भाताचा टोपही कधी रिता ठेवला नाही. घासून झाला की त्यात मूठभर तांदूळ टाकून ठेवायचे.

पुढे माझ्या वेळी आईचे, मैनाचे, दिवस भरत आले होते. ती गावी आणि आबा इथे. दारात सावली पडली तरी आबांच्या हातातली पळी थांबायची, असं यमुनाबाई सांगायच्या. त्याच सुमारास धारवाडकडून एक फौजदार बदलून आला. त्याचं मराठी कामापुरतं होतं आणि त्याच्या आवाजाला सगळा बाजार भीत होता. एका दुपारी तो जेवायला आला तेव्हा खानावळ वाढवायची वेळ झाली होती. आधी त्याला जोंधळ्याची भाकरी हवी होती. कोकणात जोंधळा कुठून आणायचा? मग आमटीत नारळ नको म्हणाला. आमटी तर सकाळीच झालेली. शेवटी कुरकुरत भातावर आला, आणि पुन्हा पुन्हा मागत राहिला. टोपातला भात उरकला तसा आबांनी स्वतःच्या जेवणाचा ठेवलेला भातही आणून त्याला वाढला. त्याने तो खाल्ला आणि पुन्हा भाताला हाक मारली.

"साहेब, भात वाढला," आबा म्हणाले.

फौजदाराने पानाकडे पाहिलं. पानात शीत नव्हतं. त्याने जरा वाट पाहिली आणि पुन्हा भात मागितला. आबांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो खरकट्या हाताने उठून उभा राहिला. माझी चेष्टा करतोस का, म्हणाला. पलीकडच्या पानावर कोर्टातले एक म्हातारे कारकून जेवत होते. त्यांनी भीत भीत त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. तिथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण चारचौघांत आपल्याला साधा शब्द कळला नाही हे फौजदाराला फार झोंबलं.

"मग सरळ बोल," तो म्हणाला. "म्हण, भात संपला."

"उरला नाही, साहेब."

"ते नको. संपला म्हण."

यमुनाबाई चुलीपासून बाहेर आल्या. "मी सांगत्ये ना साहेब, भात संपला." तो म्हणाला, तुम्ही गप्प बसा, मला याच्या तोंडून ऐकायचं आहे. इथे म्हणत नसेल तर चौकीवर म्हणेल. चौकीवर नेलेली माणसं कशी परत येतात ते आबांनी पाहिलं होतं. आणि ते परत आलेच नाहीत तर माझ्या आईकडे बघणार कोण होतं? पण तो शब्द उच्चारला तर आई तरी राहील का, ही दुसरी भीती. दोन्हीकडून कात्रीत सापडलेला तो माणूस रिता टोप हातात घेऊन भिंतीला टेकला. शेवटी ते म्हणाले.

"भात संपला."

फौजदार हात धुऊन गेला. पोट भरलं होतंच त्याचं. आबा चुलीमागे जाऊन टोप पोटाशी धरून बसले. रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात महिपत उभा राहिला. त्याला पाहताच आबांनी पळी खाली ठेवली.

"गंगाराम, पोरगी झाली. दोगी बऱ्या हायत."

आबांना ते खरं वाटेना. त्यांनी एवढंच विचारलं, "कधी झाली?"

"काल. दुपारच्या जेवणाच्या वक्ताला."

झालं. तो शब्द नेमका माझ्या जन्मावर पडला, असं त्यांनी धरलं ते कायमचं. आम्हा दोघींना त्यांनी इथे आणलं, पण मला विहिरीवर पाठवलं नाही की बोटीत बसू दिलं नाही. साधा खोकला झाला तरी रात्रभर माझ्या नाकापाशी बोट धरून बसायचे. मोठी झाल्यावरसुद्धा. मी चिडायची, त्यांचं बोट झटकून टाकायची. मला साठी लागली, काही झालं नाही. आबा गेले तेव्हाही आधी मी धड आहे ना म्हणून मला पाणी पिताना पाहिलं आणि मग डोळे मिटले.

यमुनाबाईंच्या मागे खानावळ मीच चालवते. गिऱ्हाइकाने कितीही नखरे केले तरी मी तोंडावर सांगते, संपलं. मुद्दाम सांगते, आबांना ऐकू जावं म्हणून.

परवा माझ्या लेकीला, कमळाला, बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं. जावई तिकडे होता, मी गल्ल्यावर. दुपारी मुंबईचा एक मुलगा उशिरा आला, पुन्हा पुन्हा भात मागू लागला. टोपात काही नव्हतं.

"भात वाढला," मी म्हणाले.

तो पानाकडे बघत राहिला. मी आत गेले, डब्यातून मूठभर तांदूळ घेतले आणि टोपात टाकले. मग दाराकडे पाठ करून उभी राहिले, कुणी आलेलं दिसू नये म्हणून.