अदेलची हाक

अदेल टॉस्टेव्हिनला वेडी म्हणणाऱ्याला मी आजही सोडत नाही. मी तिची शेजारीण. कुंपणाला कुंपण लागून आमचं आयुष्य गेलं.

जर्मन आमच्या बेटावर उतरले तेव्हा तिला नवरा नव्हता. गाय त्यांनी नेली. उरलं ते समुद्राच्या अंगाचं बटाट्याचं वावर, त्याच्यावर तिला हिवाळा काढायचा होता. तर पीक जमिनीत असतानाच तिथे तोफ बसवायची म्हणून खणायला माणसं आली. जर्मन एकच, बाकी सगळे आपलेच, मजुरीवर. आणि मुकादम कोण? तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा सिरिल. हिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलेला.

आमच्याकडे फार जुना कायदा आहे. कोणी तुमच्या जमिनीला हात लावला, तर साक्षीदारांसमोर उघड्या डोक्याने गुडघे टेकून राजाच्या नावाने हाक द्यायची. ऐकणाऱ्याने जिथल्या तिथे काम थांबवायचं, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत. अदेलला वाटलं, कायदा तो कायदा, जर्मनालाही लागू असणार. भाबडी होती, वेडी नव्हती.

मला आणि पाववाल्या ओझियेला तिने साक्षीला नेलं. डोक्यावरचा रुमाल सोडला आणि चिखलात गुडघे टेकले.

“हारो! हारो! हारो! धाव रे माझ्या राजा, माझ्यावर अन्याय होतोय!”

आणि काय सांगू, फावडी थांबली. एकेकाने टोपी काढली. जर्मन गोंधळला, त्याने सिरिलला विचारलं, ही काय म्हणतेय? आमचा कायदा आहे, एवढंच सांगायचं होतं. त्याने मानला असता, नसता, पुढचं पुढे. पण हा मेला हसला.

“काही नाही साहेब. मावशीच्या डोक्यावर परिणाम झालाय.”

फावडी पुन्हा चालू झाली. गोटीएवढे बटाटे मातीबरोबर ढिगाऱ्यात गेले. त्या हिवाळ्यात अदेल खडकावरचे शिंपले खरवडून जगली.

युद्ध संपल्यावर सिरिल सांगत सुटला, पोटासाठी केलं म्हणून. पोट काय आम्हाला नव्हतं? अदेलने ना भरपाई मागितली, ना वावर. तिचं मागणं एकच: चर्चबाहेर चार लोकांत सांग, मी वेडी नव्हते. “जाऊ दे गं मावशी, जुनं झालं ते,” म्हणत वर्षानुवर्षं टाळत त्याने तिला म्हातारं केलं. गावातली पोरं तिच्या मागे हारो हारो करत पळायची, आणि त्यांचे आईबाप हसायचे. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो माझा.

अदेल गेली तेव्हा सिरिल काळा कोट चढवून खांदा द्यायला पुढे आला. भाचा ना, मान त्याचा! त्याने शवपेटीला हात घातला आणि मी टोपी काढून त्याच्यासमोर गुडघे टेकले. दुखरे आहेत माझे गुडघे, पण टेकले. तीच हाक दिली. शवपेटीला हा कायदा लागतो की नाही, देव जाणे.

सगळे जागच्या जागी थांबले. सिरिल पांढराफटक पडला. लोक बघतायत, म्हणून पुटपुटला.

“मग सांग ना लोकांना,” मी म्हटलं, “माझ्याही डोक्यावर परिणाम झालाय म्हणून.”

त्याने पेटीवरचा हात काढून घेतला. त्याच्या जागी खांदा ओझियेने दिला.