राणबाचा ढीग

पाहुण्यानं आधी दगड मारायचा, मग गावकऱ्यानं, अशी त्या खिंडीतली रीत आहे. मला वाट दाखवायला आलेल्या सीताबाईंनी दोन दगड उचलले, एक माझ्या हातावर ठेवला आणि समोरच्या ढिगाकडे बोट केलं.

"हा राणबा. पेंढारी आले तवा बायापोरं वरच्या गुहेत लपली होती. यानं पेंढाऱ्यास्नी जागा दाखवली. दगड मारल्याबिगर आमच्यातलं कुणी पुढं जात न्हाई."

आमच्या वंशावळीत सगळ्यांत वर राणबाचंच नाव आहे. त्याचंच आडनाव आम्ही अजून लावतो. कुणी शूर पूर्वज निघेल म्हणून मी त्याचा माग काढत इथवर आलो होतो.

ढीग माझ्याहून उंच होता. तळाचे दगड शेवाळानं काळे पडले होते, वरच्यांना अजून ओली माती होती. गुहेत मेलेल्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत, याचं मात्र रोज कुणी ना कुणी घेतं. राग माणसं किती जपतात. आणि माझं हे बाकदार नाक कुणाचं असेल?

"मारा की," सीताबाई म्हणाल्या.

मी वाकलो आणि दगड हळूच ढिगाच्या पायथ्याशी ठेवला.

सीताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "असा कुणी ठेवत न्हाई," त्या म्हणाल्या. "आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं. त्यांच्या हातातला दगड अजून मारायचा होता.