पाणबुडेकाकांची सहल

बाबांना जुनं बंदर दाखवायचं हे खूळ माझंच. त्यांची सत्तरी झाली त्यानिमित्त. ते नको म्हणाले, म्हणून मी आणखी हट्टाला पेटले. गुडघे दुखतात, ऊन फार असतं, तिथे आता काय राहिलंय, अशा एकेक सबबी त्यांनी काढल्या आणि मी सगळ्या खोडून काढल्या. आई म्हणाली, "अगं, राहू दे ना." तिलाही मी गप्प केलं. माझ्यापुढे आमच्या घरात कुणाचं फारसं चालत नाही.

गल्लीत बाबांना सगळे पाणबुडेकाका म्हणतात. मी त्यांना जन्मभर नळ दुरुस्त करतानाच पाहिलं, पण त्याआधी ते या बंदरात पाण्याखाली उतरून जहाजांचे तळ तपासायचे. पितळी टोप, शिशाचे बूट, वरून पंपाने येणारी हवा. त्या गोष्टी ऐकत ऐकत मी वाढले आणि त्यांच्या जोरावर शाळेत भरपूर भाव खाल्ला. आता माझी लेक तेच करते. तिच्या आवाजावरून तिला आम्ही पिपाणी म्हणतो, आणि ती सारखी वाजत असते.

आई, बाबा, पिपाणी आणि मी असे चौघं निघालो. बसमधून उतरल्यापासून बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. दगडी गल्ल्यांमधून पिपाणी पुढे पळत होती. जुन्या गोदामांत आता खेळण्यांची आणि टोप्यांची दुकानं झाली होती. जकातघराच्या भिंतीवर उडालेला रंग, धक्क्यावर पालथ्या घातलेल्या होड्या, सगळं बघण्यासारखं होतं. बाबा मात्र भिंतीला धरून चालत होते. धक्क्यावर चहा घेतला, तेव्हा समुद्राकडे पाठ करून बसले. "इतक्या लांब आणलं आणि तोंड फिरवून बसताय?" मी म्हणाले. मला रागच आला होता. त्यांनी कप बाजूला ठेवला. कपातला निम्मा चहा तसाच राहिला.

शेवटच्या गोदामात बंदराचं संग्रहालय होतं. मधोमध पाणबुड्याचा पोशाख उभा केलेला, टोपासकट. पिपाणीने तिथल्या बाईंना लगेच सांगून टाकलं, "हे माझे आजोबा हाच घालायचे!" बाई हरखल्या. त्यांनी आजूबाजूच्या लोकांना बोलावलं. पंधरा-वीस माणसं गोळा झाली. माझी मान तर एवढी ताठ झाली होती!

बाबांनी घसा साफ केला. टोपाचे पेच कसे आवळायचे, पंप कुठल्या लयीत चालवायचा, दोराला झटका बसला की काय समजायचं, सगळं सांगितलं. लोक कान देऊन ऐकत होते. मग पिपाणीने विचारलं, "आजोबा, टोपाच्या आत कसला आवाज येतो?"

बाबा थांबले. मला वाटलं, आठवताहेत. पण ते आठवत नव्हते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्यांच्या एकाही गोष्टीत पाण्याखालचं काही नव्हतं. मासा नाही, अंधार नाही, थंडी नाही.

"मला नाही माहीत, बाळा," ते म्हणाले. "मी कधी उतरलोच नाही. मी वर असायचो, दोर धरून. खाली दादा उतरायचा."

दादा म्हणजे माझे काका. ते तरुणपणी तापाने गेले, एवढंच मला सांगितलं होतं. बाई समजूतदार होत्या. त्यांनी लोकांना हळूच दुसऱ्या दालनात नेलं. बाबा तिथल्या बाकावर बसले.

"मग काय झालं?" पिपाणीने विचारलं.

"त्याने दोर ओढला असणार. मी पंपवाल्याशी गप्पा मारत होतो. हसत होतो गं मी. ध्यानात आलं तेव्हा दोर सैल पडला होता." बाबांनी चष्मा काढला. "तुला सांगितल्या त्या सगळ्या गोष्टी त्याच्याच. नाव तेवढं माझं घातलं. गोष्टीत तरी तो दर वेळी वर यायचा."

मला आधी संताप आला. जन्मभर मी कुणाच्या जीवावर मिरवत होते? आणि लगेच त्या संतापाची लाज वाटली. या माणसाला मी इथे ओढत आणलं होतं, वाढदिवसाची भेट म्हणून. पिपाणी आजोबांना चिकटून बसली, आणि पहिल्यांदाच तिला काही विचारायचं नव्हतं.

मी आईला बाजूला घेतलं. "तुला माहीत होतं?"

"त्यांनी कधी सांगितलं नाही," आई म्हणाली. "पण लग्न झाल्यापासून बघतेय. झोपेत दोन्ही हातांनी पांघरूण ओढत राहतात. दमेपर्यंत ओढतात."

"मग तू काय करतेस?"

"मी माझ्याकडचं टोक सोडून देते."